पेपर छापला, आता पोच घ्या

माझ्याकडून एम.एस्सी. करून गेलेली मुलं आता ठिकठिकाणी संशोधन करतात, आणि अधूनमधून त्यांच्यापैकी कुणाचा तरी फोन येतो. मॅडम, आम्ही ज्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) काम करतो तिथे खाण येतेय म्हणतात, काय करता येईल? फोन येईपर्यंत ऑनलाइन याचिकेवर सही झालेली असते, फेसबुकवर फोटो पडलेले असतात आणि कुठल्यातरी चर्चासत्रात एक ठरावही झालेला असतो. त्या ठरावाच्या शेवटी हमखास लिहिलेलं असतं, ‘संबंधितांकडे पाठवण्यात यावा’. संबंधित कोण, हे सभागृहात कुणालाच ठाऊक नसतं. मग तो ठराव आयोजकांच्या कपाटात राहतो.

मी कोकणातल्या एका अनुदानित महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. जांभ्या कातळावर पावसाळ्यात उगवणाऱ्या वनस्पती हा माझा विषय. त्यामुळे इथली उदाहरणं सड्याची, खाणीची आणि देवराईची आहेत. तुम्ही भूजलावर काम करत असाल किंवा कीटकनाशकांवर, तुमचं टेबल वेगळं असेल, पण ते शोधायची रीत हीच.

टेबल कुठलं, तारीख कुठली

‘सरकारने लक्ष घालावं’ हे वाक्य आधी खोडा. सरकार म्हणजे एक माणूस नव्हे. सड्यावरच्या मोठ्या खाणीला पर्यावरण मंजुरी द्यायची की नाही हे दिल्लीतली तज्ज्ञ मूल्यांकन समिती पाहते, त्याखालच्या खाणी राज्याच्या समितीकडे जातात. तोच सडा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात घ्यायचा की नाही हे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या अधिसूचनेत ठरतं. त्याचा एक तुकडा जैवविविधता वारसा स्थळ करायचा असेल तर जैविक विविधता कायदा, 2002 च्या कलम 37 नुसार राज्य सरकार स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून ते करू शकतं. आणि सातबाऱ्यावर तो पोटखराबा म्हणून पडलेला असतो, तो विषय तहसील कचेरीचा. जमीन एक, टेबलं चार. खाणीबद्दलचं पत्र वनखात्याला पाठवलंत तर वनखातं ते ‘योग्य कार्यवाहीस्तव’ पुढे ढकलतं, आणि तोवर मुदत संपते.

म्हणून कागदावर तीन ओळी लिहा: निर्णय कोण घेणार, कुठल्या कायद्याखाली, आणि हरकतीची शेवटची तारीख कुठली. या ओळी भरता येत नसतील तर तुमचा पुढचा आठवडा प्रयोगशाळेत नको, जिल्हाधिकारी कार्यालयात घालवा.

जनसुनावणी: सगळ्यात जास्त कामाची, सगळ्यात वाया जाणारी संधी

14 सप्टेंबर 2006 च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांची जनसुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळ होते. ती भरवतं राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हाधिकारी. किमान 30 दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक दैनिकात नोटीस छापावी लागते. (बी-2 गटात टाकलेल्या छोट्या प्रकल्पांना सुनावणीच नसते, हे आधी तपासा.) नोटीस शेवटच्या पानांवर, निविदांच्या गर्दीत असते. आमच्याकडे मी वर्तमानपत्र मागून पुढे वाचते ते यासाठीच.

ईआयए अहवालाचा मसुदा आणि त्याचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी पाहायला ठेवणं बंधनकारक आहे. टेबलावरचा माणूस ‘साहेब मीटिंगला गेलेत’ म्हणेल. बसून राहा. अहवालात काय काय असायला हवं याची यादी म्हणजे टीओआर. तो ‘परिवेश’ या पर्यावरण मंजुऱ्यांच्या सरकारी पोर्टलवर प्रकल्पाच्या नावाने सापडतो. आधी टीओआर वाचा, मग अहवाल. उलट केलंत तर अहवालात जे आहे त्यावरच वाद घालत बसाल, जे असायला हवं होतं आणि नाही, ते निसटेल.

आता आमच्या विषयातली गोम. खाणींच्या प्रमाणित टीओआरमध्ये हवा, पाणी, माती आणि वनस्पती-प्राणी यांची पायाभूत माहिती एका हंगामाची चालते, आणि तो हंगाम पावसाळा सोडून कुठलाही. मार्च ते मे घेतला तरी नियमात बसतं. एप्रिलमध्ये सड्यावर उभं राहिलात तर काळा कातळ, करपलेलं गवत आणि कडेची चार करवंदं. दिपकाडी पहिल्या पावसात फुलून जाते, सीतेची आसवं आणि गेंद श्रावण-भाद्रपदात कातळ झाकून टाकतात, आणि दिवाळीनंतर त्यांतलं फारसं काही दिसत नाही. म्हणजे सर्वेक्षण करणाऱ्याने अगदी प्रामाणिकपणे काम केलं तरी यादीत करवंद, आईन, किंजळ एवढंच येणार आणि निष्कर्ष निघणार की इथे महत्त्वाची वनस्पती नाही. यात कुणाची लबाडी असायलाच हवी असं नाही. पण हे समितीला सांगू शकणारा माणूस फक्त तुम्ही आहात, कारण भाद्रपदात तिथे गुडघे टेकून बसलेले तुम्ही आहात.

यादी वाचताना आणखी काही पाहा. क्वाड्रॅट (वनस्पती मोजायला आखलेले चौकोन) कुठे टाकले त्याचे अक्षांश-रेखांश दिलेत का? ते खाणीच्या हद्दीत आहेत की गावाशेजारच्या आंब्याच्या बागेत? यादीत या भागात न वाढणारी झाडं आहेत का? एकदा एका अहवालात कोकणच्या सड्यावर विदर्भातल्या शुष्क जंगलाची यादी सापडली होती. दुसऱ्या प्रकल्पावरून उचललेली, हे उघड होतं. सड्याखालच्या झऱ्यांची नोंद आहे का, आणि ते कुठल्या वाडीला पाणी देतात? हा शेवटचा प्रश्न तुमच्या विषयात बसत नसेल तरी विचारा, नाहीतर शेजारच्या विभागातल्या भूगर्भशास्त्राच्या सरांना सोबत न्या.

मग निवेदन लिहा. दोन पानं, जास्त नाही. पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण, या जागेवर कधीपासून काम करता, पैसे कुणाचे होते. त्यानंतर क्रमांक घालून मुद्दे, प्रत्येक मुद्द्यात अहवालाचा पान क्रमांक. ‘जैवविविधतेची अपरिमित हानी होईल’ असलं काही नको. असं लिहा: ‘प्रकरण 3 मधील वनस्पतींची नोंद एप्रिल-मे मधील आहे. प्रस्तावित क्षेत्रात जुलै ते सप्टेंबर या काळात आम्हाला खालील प्रदेशनिष्ठ प्रजाती आढळल्या आहेत. त्यांचे संग्रहित नमुने महाविद्यालयाच्या हर्बेरियममध्ये आहेत. एकाही प्रजातीचा अहवालात उल्लेख नाही. जून ते ऑक्टोबर या काळात पुन्हा सर्वेक्षण करावं.’

क्रमांक घालायला सांगते त्याला कारण आहे. सुनावणीत आलेल्या पर्यावरणाच्या ठोस मुद्द्यांना प्रकल्पवाल्याने उत्तर देऊन अंतिम अहवालात बदल करावेत, असं अधिसूचनाच सांगते. सात मुद्दे क्रमांकाने दिलेत तर सात उत्तरं द्यावी लागतात, आणि एक गाळलं तर ते समितीलाही दिसतं. भावनेने लिहिलेल्या चार पानांना ‘नोंद घेतली’ एवढं उत्तर पुरतं.

दुसरी गोष्ट मला फार उशिरापर्यंत कुणी सांगितली नव्हती. समितीपुढे विषय येतो तेव्हा बहुतेक वेळा खरी चर्चा कुठल्या अटींवर मंजुरी द्यायची, याची असते. तुमचा विरोध असेल तर तो स्पष्ट लिहाच. पण त्याखाली, मंजुरी दिलीच तर कुठल्या अटी हव्यात, त्याही लिहा, आणि अशा भाषेत की मंजुरीच्या पत्रात जशाच्या तशा उतरवता येतील: ‘सड्याच्या पश्चिम कडेपासून अमुक मीटरपर्यंत उत्खनन करू नये’, ‘झऱ्यांच्या प्रवाहाची दरमहा नोंद ठेवून ग्रामपंचायतीस द्यावी’. काही कार्यकर्ते मित्र यावर चिडतात. अटी सुचवणं म्हणजे अर्धी संमती, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही, पण त्यांचा राग समजतो. आंदोलन त्यांनी करावं, अटी मी लिहीन. एकाच माणसाने दोन्ही करायला हवं असं थोडंच आहे.

सुनावणीच्या दिवशी लवकर जा. मांडव, पोलीस, पुढच्या रांगेत कंपनीची माणसं, मागे गाव. गावकऱ्यांना आधी बोलू द्या. त्यांची जमीन जाणार आहे, तुमचा शोधनिबंध नव्हे. तुमची पाळी आली की मराठीत बोला, प्रजातीचं लॅटिन नाव एकदाच घ्या आणि स्थानिक नाव तीनदा. लेखी निवेदन मंचावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. पोच नसलेला कागद दिलाच नव्हता असं धरलं जातं. सुनावणीचं चित्रीकरण होतं, आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवावं लागतं. त्या वेळेपर्यंत निम्मा मांडव रिकामा झालेला असतो, पण तुम्ही थांबा आणि आपला मुद्दा त्यात आलाय का ऐका. ‘एका प्राध्यापिकेने पर्यावरणाबद्दल चिंता व्यक्त केली’ असं लिहिलेलं असेल तर हात वर करून तिथल्या तिथे दुरुस्ती मागा.

यानंतर विषय समितीकडे जातो. तिची विषयपत्रिका आणि इतिवृत्त परिवेशवर येतात. बैठकीच्या आधी सदस्य सचिवांना निवेदन, पोच आणि नमुन्यांची यादी पुन्हा पाठवा. मंजुरी मिळाली आणि तुमच्या मते ती चुकीची असेल, तर राष्ट्रीय हरित लवादाकडे 30 दिवसांत अपील करता येतं, सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवसांपर्यंत. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. तिथे वकील लागेल, आणि वकिलाला लागेल तो शिक्का मारलेला कागद.

मसुदा अधिसूचना

पर्यावरण कायद्याखालच्या मसुद्यावर हरकती-सूचनांसाठी साधारण 60 दिवस मिळतात. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा पहिला मसुदा 10 मार्च 2014 चा. तो पुन्हा पुन्हा निघत राहिला, सहावा 31 जुलै 2024 ला, वायनाडच्या दरडींच्या दुसऱ्या दिवशी. त्यात सहा राज्यांतलं मिळून सुमारे 56,800 चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, महाराष्ट्राचं सुमारे 17,340. अशा मसुद्याला गावांची यादी जोडलेली असते. ‘पश्चिम घाट वाचवा’ असा मजकूर पाठवू नका. ज्या गावांत तुमचं काम आहे ती यादीत शोधा आणि गावाच्या नावाने लिहा: हे गाव का असावं, शेजारचं का राहिलं.

ईआयए अधिसूचनेच्या 2020 च्या नव्या मसुद्यावर लाखो ई-मेल गेले, त्यातले पुष्कळ एकाच साच्याचे. त्यांचा दबाव म्हणून उपयोग झाला असेल. तो मसुदा अंतिम झाला नाही, हे खरं. पण मला त्या प्रकरणातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या 22 भाषांत उपलब्ध करून देण्याचा आदेश दिला. ज्यांच्या गावावर परिणाम होणार त्यांना वाचता येईल अशा भाषेत कागद असावा, ही मागणी शास्त्रज्ञांनी प्रत्येक वेळी करायला हवी.

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीचं उदाहरण घ्या. अहवाल ऑगस्ट 2011 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला दिला गेला आणि माहिती अधिकाराचा पाठपुरावा होऊन मे 2012 मध्ये लोकांसमोर आला. मधल्या महिन्यांत आणि नंतरही कोकणात त्याबद्दल काय काय पसरलं! घराला चिरा काढता येणार नाही, आंब्याला खत घालता येणार नाही, गावं उठवणार. गाडगीळांचा आग्रह होता की हे सगळं ग्रामसभांपुढे ठेवा, त्यांना ठरवू द्या. ते घडलं नाही. सरकारला दोष देता येईल, पण कोकणात शिकवणाऱ्या आम्हा लोकांपैकी कितीजण मराठी सारांश घेऊन वाडीवर गेले? अफवा गावात आधी पोचली, आम्ही वरातीमागून घोडं.

माहिती अधिकाराचा अर्ज करायला घाबरू नका. दहा रुपये, 30 दिवस, उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. मत विचारू नका, कागद मागा: अमुक बैठकीचं इतिवृत्त, अमुक पाहणीचा अहवाल.

भांडण नसलेली वाट

दर वेळी कुणाच्या तरी विरोधातच उभं राहायचं असं नाही. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथे देवराईत रानजायफळाची दलदल आहे, या प्रकारच्या जंगलांत सगळ्यात उत्तरेकडची म्हणून ओळखली जाते. आधी तिची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली आणि पुढे 2.59 हेक्टर जागा वारसा स्थळ झाली. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेल्या माशाचं वर्णन 2020 मध्ये झालं आणि 2021 मध्ये ती जागा जाहीरही झाली. शोधकर्त्यांमध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांचे चिरंजीव होते. प्रत्येक माशाला असा सहलेखक लाभत नाही. तुमच्या माशाला वेळ लागेल, एवढं धरून चाला.

सुरुवात ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीपासून करा. कागदावर ती असतेच, सदस्यांना आपण सदस्य आहोत हे ठाऊक असेलच असं नाही. त्यांच्यासोबत लोक जैवविविधता नोंदवही उघडा, त्यात तुमच्या प्रजाती भरा. मग ग्रामसभेचा ठराव. ग्रामसभा बहुधा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास होतात, त्याआधी महिनाभर विषय पत्रिकेवर घ्यायला सरपंचांना सांगून ठेवा. देवराई असेल तर मानकऱ्यांना भेटल्याशिवाय एक पाऊल टाकू नका. देवाची जागा सरकार घेणार, अशी शंका एकदा आली की तुमच्या पीएच.डी.ला कुणी विचारत नाही. ठराव, नकाशा, प्रजातींची यादी आणि सातबारा जोडून प्रस्ताव नागपूरला राज्य जैवविविधता मंडळाकडे जातो.

आमदार, संसद

आमदारांना भेटायचं तर अधिवेशनाच्या आधी, आणि हातात एक पान. त्यांच्या स्वीय सहायकाला तुमच्या पानातून तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी तयार करता आली पाहिजे. खरं तर प्रश्न तुम्हीच लिहून द्या. विरोधी पक्षाच्याही आमदाराला तेच पान द्या, आणि दिलंय हे दोघांनाही सांगा. संसदेच्या समित्या विधेयकांवर जाहिरात देऊन निवेदनं मागवतात, जैविक विविधता दुरुस्ती विधेयक 2021 संयुक्त समितीकडे गेलं होतं तेव्हा तशी मागवली होती. मुदत थोडी असते. कलम घ्या, त्याखाली तुम्हाला हवी ती शब्दरचना लिहा, त्याखाली कारण.

नोकरी सांभाळून

केंद्र सरकारच्या संस्थेत असाल तर 1964 चे आचारनियम वाचून ठेवा. नियम 9 सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करायला मनाई करतो. पण नियम 8 निव्वळ शास्त्रीय स्वरूपाच्या लेखनाला पूर्वपरवानगीतून सूट देतो, आणि सरकारने, संसदेने किंवा विधिमंडळाने नेमलेल्या चौकशीपुढे साक्ष द्यायला नियम 10 आड येत नाही. राज्य सेवेला 1979 चे नियम आहेत, विद्यापीठांचे वेगळे. स्वायत्त संस्था बहुधा यांतलेच काही लागू करतात, आपल्या प्रशासनाकडून लेखी विचारून घ्या. मी स्वतः महाविद्यालयाचं लेटरहेड वापरत नाही, घरच्या पत्त्यावरून लिहिते, आणि प्राचार्यांना आधी सांगते. परवानगी मागत नाही, सांगते. पीएच.डी. करणाऱ्या मुलांची नावं निवेदनावर घालू नका, त्यांचा मार्गदर्शक आणि त्यांची शिष्यवृत्ती दोन्ही अडचणीत येऊ शकतात.

विश्वासार्हता एकदा गेली की परत येत नाही, याचं उदाहरण फार वरच्या पातळीवरचं आहे. बीटी (जनुकबदल केलेल्या) वांग्यावर तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी 2010 च्या सुरुवातीला नागपूरसह सात शहरांत जाहीर चर्चा घेतल्या आणि 9 फेब्रुवारीला स्थगिती दिली. निर्णयाच्या दस्तऐवजाला शास्त्रज्ञांची पत्रं जोडली, बाजूची आणि विरोधी दोन्ही. ती आजही वाचता येतात. त्याच वर्षी देशातल्या सहा विज्ञान अकादमींनी एकत्रितपणे जनुकबदल पिकांवर अहवाल दिला, आणि त्यातल्या ओळी दुसऱ्याच्या लेखातून जशाच्या तशा उचललेल्या, संदर्भ एकही नाही, असं उघड झालं. सुधारित अहवाल काढावा लागला. देशातले मोठमोठे शास्त्रज्ञ त्यात होते, पण लोकांच्या लक्षात राहिली ती उचलेगिरी.

म्हणून निवेदनात ‘आढळली’ आणि ‘आढळण्याची शक्यता आहे’ यांत गल्लत करू नका. जिथे तुमचं मत सुरू होतं तिथे ‘माझ्या मते’ असं लिहा. सड्यावर खाण नको, हे माझं मत आहे, दिपकाडी तिथे आहे, हे माझं निरीक्षण. दुर्मिळ कंदीलपुष्पासारख्या वनस्पतीचा नेमका अक्षांश-रेखांश जाहीर निवेदनात देऊ नका, कंद उपटून नेणारे तेही वाचतात. नेमकी जागा समितीच्या सदस्य सचिवांना बंद पाकिटात द्या आणि निवेदनात तसं दिल्याचं नमूद करा. आणि ज्या जिल्ह्यात हरकती घेता तिथे कुठल्याही प्रकल्पवाल्याचं सल्लागाराचं काम घेऊ नका, कितीही गरज असली तरी.

मंजुरीचं पत्र निघाल्यावर बहुतेक जण फाइल बंद करतात. तिथून पुढे प्रकल्पवाल्याला दर वर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यावा लागतो, आणि तो सार्वजनिक कागद आहे. तो उतरवून घ्या, तुमची अट त्यात कुठे आहे पाहा, आणि श्रावणात एकदा सड्यावर जाऊन ती जागा मोजा. अहवालात ‘पालन केले’ आणि जागेवर खड्डा असं दिसलं, तर तारखेसह फोटो घेऊन केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाला लिहा, प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला. स्पीड पोस्टाने.